सगळीकडे 'वीक' नका लावू: कमजोरीचे इंग्रजी शब्द नेमके कुठे आणि कसे वापरायचे

इंग्रजी बोलताना आपल्यातल्या बऱ्याच जणांचं एक ठरून गेलेलं असतं, कमजोरीचा विषय आला की 'वीक'. म्हातारी आजी वीक, फोनचा सिग्नल वीक, गणितात वीक, खुर्चीचा पाय वीक, कोणी कारण सांगितलं तर तेही वीक, आणि तापातून उठल्यावर आपण स्वतःही वीकच. यातलं फार काही चुकीचं नाहीये, 'वीक' खरंच बऱ्याच ठिकाणी चालतो, पण मराठीत आपण असं कधी बोलतो का? मराठीत आजी थकलेली असते, खुर्ची खिळखिळी असते, कारण तकलादू असतं, आवाज क्षीण असतो, माणूस पुळचट असतो आणि ताप उतरल्यावर अगदी गळून गेल्यासारखं होतं. म्हणजे एवढी बारीक जाण आपल्याकडे आधीपासून आहे, ती फक्त इंग्रजीत वापरायची राहून जाते.

म्हणून माझं सांगणं एवढंच की डिक्शनरी उघडायच्या आधी मनात बघायचं, हेच मी मराठीत बोललो असतो तर कुठला शब्द आला असता? तो सापडला की अर्धं काम झालं. मग स्वतःला विचारायचं की कमजोर नक्की काय आहे, शरीर, वस्तू, स्वभाव का मुद्दा, आणि हे आत्तापुरतं आहे का कायमचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलताना मला काय वाटतंय, काळजी, कीव का चीड. इंग्रजीतले हे सगळे शब्द मुख्यतः या शेवटच्या गोष्टीवरून वेगळे होतात, आणि डिक्शनरीत सगळ्यांपुढे 'अशक्त, दुर्बल' एवढंच लिहिलेलं असतं त्यामुळे तो फरक कळतच नाही.

आधी डॉक्टरकडे काय बोलायचं ते

हे मी मुद्दाम पहिलं घेतोय कारण इथे शब्द चुकला तर नुसती भाषेची चूक राहत नाही.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'आय ॲम फीलिंग वीकनेस.' इंग्रजीत असं वाक्य होत नाही. 'फील' नंतर सरळ विशेषण घ्यायचं, 'आय फील वीक' किंवा 'आय हॅव बीन फीलिंग वीक सिन्स मंडे'. 'वीकनेस' हे नाम वापरायचंच असेल तर कुठे ते सांगून वापरा, 'आय हॅव सम वीकनेस इन माय लेफ्ट लेग'.

पण त्याहून मोठा मुद्दा असा की आपण 'अशक्तपणा' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. एक म्हणजे थकवा, अंगात त्राण नाही, काही करावंसं वाटत नाही. दुसरी म्हणजे स्नायूंची ताकदच कमी झालीये, हात उचलायचा म्हटला तरी उचलत नाही. इंग्रजीत पहिल्याला 'टायर्डनेस' किंवा 'फटीग' म्हणतात आणि डॉक्टरी भाषेत 'वीकनेस' म्हटलं की आधी दुसरी गोष्ट डोळ्यासमोर येते. स्नायूंची ताकद मोजायला डॉक्टरांकडे शून्य ते पाच अशी एक श्रेणी असते, एमआरसी स्केल म्हणतात तिला, शून्य म्हणजे स्नायू जरासुद्धा आकसत नाही, तीन म्हणजे हात नुसता वर उचलता येतो पण कोणी दाबला तर टिकत नाही, आणि पाच म्हणजे नॉर्मल. आता तुम्ही नुसता थकवा आलाय म्हणून 'वीकनेस' म्हणालात तर समोरचा डॉक्टर या दिशेने विचार करायला लागू शकतो, आणि उलट खरंच हात लुळा पडतोय आणि तुम्ही 'आय ॲम टायर्ड' म्हणालात तर ते त्याहून वाईट. चेहऱ्याची एक बाजू, एक हात किंवा एक पाय अचानक कमजोर पडणं हे स्ट्रोकचं लक्षण असू शकतं, तिथे 'सडन' आणि 'ऑन वन साइड' हे शब्द वाक्यात आलेच पाहिजेत. 'शी हॅज सडन वीकनेस ऑन वन साइड.' हे एक वाक्य पाठ करून ठेवा, परदेशात फोनवर अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर हेच लागेल.

रिपोर्टवर याच कुटुंबातले अजून दोन शब्द दिसतात, 'हेमिपॅरेसिस' आणि 'हेमिप्लेजिया'. शेवटी 'पॅरेसिस' असेल तर ताकद कमी झालीये पण थोडी शिल्लक आहे, 'प्लेजिया' असेल तर पूर्णच गेलीये. 'हेमी' म्हणजे शरीराची एक अर्धी बाजू. आणि 'अस्थेनिया' दिसलं तर घाबरू नका, ग्रीकमधून आलेला शब्द आहे, ताकद नसणं एवढाच त्याचा अर्थ. 'मायस्थेनिया' या आजाराच्या नावात तोच आहे, पुढचा 'माय' म्हणजे स्नायू.

आता थकव्याच्या बाजूचे शब्द. 'टायर्ड' सगळ्यांना माहितीये. 'एक्झॉस्टेड' म्हणजे पार दमलेला, त्याच्या आधी 'व्हेरी' लावायची गरज नाही कारण त्या शब्दातच 'पार' आलेलं आहे, जोर द्यायचाच तर 'कम्प्लीटली एक्झॉस्टेड' म्हणा. 'ड्रेन्ड' हे मनाच्या थकव्याला जास्त जुळतं, दिवसभर माणसांशी डोकं लावून झालं की 'आय फील ड्रेन्ड'. 'रन डाउन' म्हणजे बरेच दिवस नीट झोप नाही, खाणं नाही, त्यामुळे तब्येत उतरलीये. 'लिथार्जिक' म्हणजे सुस्ती, हालचालच नको वाटते. 'लिस्टलेस' म्हणजे मरगळ, ज्यात अंगात जोर नाही आणि कशात मनही नाही, आजारी मुलाबद्दल सांगताना हा फार नेमका शब्द आहे, 'ही हॅज बीन लिस्टलेस ऑल डे'. 'अंडर द वेदर' हे अगदी हलकं, जरा बरं वाटत नाहीये इतकंच, गंभीर आजाराला कधी वापरू नका.

आणि चक्कर. मराठीत चक्कर, भोवळ, घेरी असे शब्द आहेत ना, तसंच इंग्रजीतही. 'डिझी' म्हणजे चक्कर. 'लाइटहेडेड' म्हणजे डोकं हलकं झाल्यासारखं, आता पडतो की काय असं. 'फेंट' हे भोवळीचं, 'आय फील फेंट' म्हणजे शुद्ध जाईल असं वाटतंय आणि 'आय फेंटेड' म्हणजे गेलीच होती. सगळं गरगर फिरतंय असं असेल तर वाक्यातच सांगा, 'द रूम इज स्पिनिंग'. डॉक्टर हे वेगवेगळं विचारतात कारण त्यांची कारणंही वेगवेगळी असतात.

'वीक'ची स्वतःची जागा

'वीक' टाकून द्यायचा शब्द नाहीये, उलट काही ठिकाणी दुसरा चालतच नाही. चहा पातळ झाला तर 'वीक टी', सिग्नल 'वीक', चलन घसरलं तर 'वीक करन्सी', दृष्टी कमी असेल तर 'वीक आयसाइट', साखळीतला कच्चा दुवा 'वीक लिंक'. परीक्षेच्या विषयाबद्दल 'वीक इन मॅथ्स' आणि 'वीक ॲट मॅथ्स' दोन्ही ऐकू येतात. उपाशी राहिल्यामुळे असेल तर 'वीक फ्रॉम हंगर', भीतीने पाय लटपटत असतील तर 'वीक विथ फिअर', म्हणजे शरीरातलं कारण असेल तर साधारण 'फ्रॉम' आणि मनातलं असेल तर 'विथ', अगदी पक्का नियम नाही पण कानाला असंच बरं लागतं. उच्चार आठवड्याच्या 'वीक' सारखाच, स्पेलिंगमध्ये मात्र आठवड्याला डबल ई आणि कमजोरीला ई ए, इथे लिहिताना फार लोक घसरतात.

'वीकनेस' चा एक सुंदर वापर आहे जो आपण विसरतो. 'आय हॅव अ वीकनेस फॉर ओल्ड क्लॉक्स.' यात कमजोरी काहीच नाही, जुनी घड्याळं दिसली की राहवत नाही असा अर्थ. माणसाबद्दल असेल तर 'सॉफ्ट स्पॉट फॉर' म्हणतात, तिच्याबद्दल मनात हळवा कोपरा आहे तसं. इथे शब्दयोगी अव्यय 'फॉर' असतं हे विसरू नका, 'वीकनेस इन' म्हणालात तर लगेच उणीव असा अर्थ होतो.

शास्त्र शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रसायनशास्त्रात 'वीक ॲसिड' म्हणजे पाणी घालून सौम्य केलेलं नाही, त्याला 'डायल्यूट' म्हणतात. 'वीक' म्हणजे ज्याचे रेणू पाण्यात पूर्ण विलग होत नाहीत, थोडेच आयन तयार होतात, जसं ॲसेटिक ॲसिड. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुद्धा या व्याख्येने 'वीक' आहे आणि तरी ते काच खातं आणि माणसाच्या कातडीतून आत जाऊन जीवघेणं ठरू शकतं. तेव्हा बाटलीवर 'वीक' वाचून निर्धास्त व्हायचं नाही. भौतिकशास्त्रातही 'वीक फोर्स' आहे, तो नावाने वीक असला तरी सूक्ष्म कणांच्या पातळीवर गुरुत्वाकर्षणापेक्षा कितीतरी प्रबळ आहे, फक्त त्याची पोच अणूच्या केंद्रकापेक्षाही कमी अंतराची. हा फोर्स आणि विद्युतचुंबकीय बल एकाच सिद्धांतात आणल्याबद्दल ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना 1979 चं नोबेल मिळालं आणि त्या एकत्र बलाला 'इलेक्ट्रोवीक' म्हणतात.

फ्रेल आणि फ्रॅजाइल, यांची गल्लत सगळ्यात जास्त

हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. लॅटिनमध्ये मोडणे या अर्थाचा जो धातू आहे त्यातून आलेत, फ्रॅक्चर आणि फ्रॅक्शन पण त्यातलेच. 'फ्रेल' फ्रेंचमधून फिरून आधी आला आणि 'फ्रॅजाइल' नंतर थेट लॅटिनच्या रूपावरून घेतला, आणि एकाच घरातल्या दोन भावांनी कामं वाटून घ्यावीत तसं झालं, 'फ्रेल' ने माणसं घेतली आणि 'फ्रॅजाइल' ने वस्तू.

'फ्रेल' म्हणजे वयाने किंवा आजाराने झिजलेला, काटक राहिलेला नाही असा माणूस. 'हर ग्रँडमदर हॅज ग्रोन फ्रेल.' यात कीव किंवा हेटाळणी नाही, काळजी आहे, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना 'वीक' पेक्षा हा शब्द कितीतरी चांगला. डॉक्टरी भाषेत 'फ्रेल्टी' ही आता रीतसर मोजायची गोष्ट झालीये. म्हातारपणाच्या आजारांच्या तज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्याचे पाच निकष मांडले, प्रयत्न न करता वजन घटणं, सतत दमल्यासारखं वाटणं, मुठीची पकड सैल होणं, चालण्याचा वेग मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातले तीन किंवा जास्त असले तर 'फ्रेल', एक दोन असले तर 'प्री-फ्रेल'. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या रिपोर्टवर हा शब्द आला तर तो नुसतं वर्णन म्हणून लिहिलेला नसतो, पडण्याचा धोका, ऑपरेशन झेपेल का, असे निर्णय त्यावर ठरतात.

'फ्रॅजाइल' म्हणजे धक्का लागला की फुटेल असं. खोक्यावरच्या लेबलवर असतं तेच. काचेचं भांडं, मोडकी शांतता, म्हणजे दोन देशातली जेमतेम टिकलेली शस्त्रसंधी 'अ फ्रॅजाइल पीस', सावरत असलेली अर्थव्यवस्था, आणि कोणाचा अहंकार लगेच दुखावतो तो 'फ्रॅजाइल ईगो'. माणसाला 'फ्रॅजाइल' म्हटलं तर बहुधा मनाने नाजूक अवस्थेत आहे असा अर्थ निघतो, 'शी इज स्टिल फ्रॅजाइल आफ्टर द डिव्होर्स'. शरीराने झिजलीये असं म्हणायचं असेल तर तिथे 'फ्रेल'.

'डेलिकेट' यांच्या शेजारचा पण यात कौतुक असू शकतं. नाजूक नक्षी, तलम कापड, हळुवार चव या सगळ्याला चालतो. 'डेलिकेट हेल्थ' म्हणजे सारखी बिघडणारी तब्येत आणि 'अ डेलिकेट मॅटर' म्हणजे जपून बोलायचा विषय. मराठीतला 'नाजूक' जवळजवळ जसाच्या तसा इथे बसतो, त्यामुळे याची फार चिंता नको.

फीबल, फेंट, इन्फर्म

'फीबल' लॅटिनमधल्या रडणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय, मूळ अर्थ ज्याच्याकडे बघून रडू यावं असा, आणि ती छटा आजही त्यात आहे. म्हणून यात कीव येते आणि कधी कधी तुच्छताही. 'अ फीबल व्हॉइस' म्हणजे क्षीण आवाज, इथपर्यंत ठीक, पण 'अ फीबल अटेम्प्ट', 'अ फीबल जोक', 'अ फीबल एक्स्क्यूज' म्हटलं की प्रयत्न केविलवाणा होता, विनोद पांचट होता, असा शेरा झाला. तेव्हा कोणाच्या वडिलांची चौकशी करताना 'फीबल' म्हणू नका, 'फ्रेल' म्हणा. आणि 'फीबल माइंडेड' तर अजिबातच नाही. ब्रिटनच्या 1913 च्या मेंटल डेफिशियन्सी ॲक्टमध्ये हा चक्क कायद्याचा शब्द होता, त्या शिक्क्याखाली कितीतरी माणसांना संस्थांमध्ये डांबून ठेवलं गेलं. आज तो शिवीसारखा लागतो आणि लागायलाच हवा.

'फीबल' चंच अजून एक भावंडं आहे, 'फॉइबल'. तलवारबाजीत पात्याचा टोकाकडचा अर्धा भाग कमजोर म्हणून 'फॉइबल' आणि मुठीकडचा मजबूत भाग 'फोर्ट'. त्यावरून माणसाची बारीकशी खोड, सहज चालवून घेण्यासारखी, ती 'फॉइबल', आणि ज्यात हातखंडा आहे ते 'फोर्टे'. 'वुई ऑल हॅव अवर फॉइबल्स.' मित्राच्या छोट्या खोडीला 'वीकनेस' म्हणण्यापेक्षा हे किती प्रेमळ वाटतं बघा.

'फेंट' वर भोवळीसाठी आलाच, पण त्याचा दुसरा अर्थ पुसट, मंद. अंधुक उजेड, लांबून येणारा आवाज, हलका वास, पुसट शाई, किंचितशी आशा. इथे 'वीक लाइट' म्हटलं तर कळेल पण 'फेंट लाइट' म्हटल्यावर चित्र उभं राहतं. 'आय हॅवन्ट द फेंटेस्ट आयडिया' म्हणजे मला काडीची कल्पना नाही. उच्चाराने अगदी असाच पण वेगळ्या स्पेलिंगचा एक शब्द खेळात येतो, बॉक्सिंग किंवा फुटबॉलमध्ये दिलेली हुलकावणी, दोघंही मुळात ढोंग करणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आलेत.

'इन्फर्म' हा म्हातारपणाने किंवा दीर्घ आजाराने हिंडणं फिरणं कमी झालेल्यांसाठी, जरा औपचारिक शब्द. बहुतेक वेळा 'द एल्डरली अँड इन्फर्म' असा जोडीने येतो, सूचनाफलकांवर, सरकारी पत्रकांत. रोजच्या बोलण्यात नका वापरू, पुस्तकी वाटेल. 'डेबिलिटेटिंग' मात्र उपयोगी आहे, हे आजाराचं विशेषण, माणसाचं नाही. ज्या दुखण्याने माणूस पार खचतो, रोजची कामं करता येत नाहीत ते 'अ डेबिलिटेटिंग इलनेस', मायग्रेनबद्दल हा शब्द फार ऐकू येतो.

वस्तू, कारणं आणि मुद्दे

तकलादू याला इंग्रजीत अगदी डोळे मिटून 'फ्लिम्झी' म्हणा. दिसायला ठीक पण हात लावला की कळतं दम नाही. प्लॅस्टिकचं झाकण फ्लिम्झी, पातळ पुठ्ठ्याचा खोका फ्लिम्झी, आणि न पटणारं कारण पण 'अ फ्लिम्झी एक्स्क्यूज'. पुरावा तोकडा असेल तर 'फ्लिम्झी एव्हिडन्स'. दोन गोष्टींमधला ओढून ताणून जोडलेला संबंध असेल तर 'टेन्युअस', 'अ टेन्युअस कनेक्शन', लेख किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांना हा लागतो.

खुर्ची, शिडी, जिना, पूल खिळखिळा असेल तर 'रिकेटी'. हा 'रिकेट्स' वरून आला, ड जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे मुलांची हाडं मऊ होऊन पाय वाकतात तो आजार. मोडकळीला आलेली इमारत 'डिलॅपिडेटेड', आणि कशीबशी उभी असलेली झोपडी किंवा खटारा गाडी 'रॅमशॅकल'. जीर्ण जर्जर झालेल्याला 'डिक्रेपिट', हा माणसालाही वापरतात पण तेव्हा तो अपमानच असतो.

'लेम एक्स्क्यूज' हे तरुण मुलांच्या तोंडी फार असतं. वाक्प्रचार म्हणून चालतं अजून, पण 'लेम' चा मूळ अर्थ लंगडा, आणि माणसाला 'लेम' म्हणणं आता फार असभ्य मानतात, त्यामुळे 'दॅट्स सो लेम' म्हणायची सवय लावून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, 'फ्लिम्झी' आणि 'अनकन्व्हिन्सिंग' असताना गरज काय. 'लेम डक' मात्र राजकारणातला रूढ शब्द आहे, निवडणूक होऊन गेलीये, नवा माणूस ठरलाय, पण जुना अजून खुर्चीवर आहे आणि त्याचं कोणी फारसं ऐकत नाही. हा शब्द आधी लंडनच्या शेअर बाजारात देणं फेडू न शकणाऱ्यासाठी वापरायचे. अमेरिकेत हा मधला काळ फार लांबायचा म्हणून 1933 साली विसावी घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी 4 मार्चवरून 20 जानेवारीला आणला गेला.

'प्यूनी' म्हणजे किरकोळ, मरतुकडा, आकारानेही लहान आणि जोरानेही. फ्रेंचमध्ये 'नंतर जन्मलेला' असा अर्थ. कोर्टाच्या बातम्यांमध्ये मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्यांना 'प्यूनी जज' म्हणतात, उच्चार हाच पण स्पेलिंग जुनं फ्रेंच वळणाचं, आणि तिथे अर्थ फक्त पदाने कनिष्ठ, ताकदीशी काही संबंध नाही.

व्हल्नरेबल, हा नीट शिकाच

आजच्या इंग्रजीत कमजोरीचा सगळ्यात जास्त चालणारा शब्द कदाचित हाच असेल आणि मराठीत याला एकच एक शब्द सापडत नाही. लॅटिनमध्ये जखम या अर्थाचा जो शब्द आहे त्यातून आला, म्हणजे ज्याला इजा होऊ शकते असा. लक्षात घ्या, कमजोर आहे असं नाही, उघडा आहे, हल्ला झाला तर वाचवायला काही नाही. धडधाकट माणूस सुद्धा व्हल्नरेबल असू शकतो, अनोळखी देशात भाषा येत नाही, जवळ कागदपत्रं नाहीत, तर तो व्हल्नरेबल. पुढे 'टू' येतो, 'व्हल्नरेबल टू इन्फेक्शन', 'व्हल्नरेबल टू फ्लड्स'.

कॉम्प्युटरमध्ये 'व्हल्नरेबिलिटी' म्हणजे सॉफ्टवेअरमधली अशी फट जिच्यातून कोणी आत शिरू शकतो, अशा फटींना नंबर देऊन जाहीर करायची सीव्हीई नावाची यादी 1999 पासून चालू आहे. प्राण्यांच्या बाबतीत तर याचा ठराविक दर्जा आहे. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेची कुठली जात नष्ट व्हायचा किती धोका आहे हे सांगणारी लाल यादी असते, तीत धोक्याच्या तीन पायऱ्या, 'व्हल्नरेबल', मग 'एन्डेंजर्ड', मग 'क्रिटिकली एन्डेंजर्ड'. 2016 मध्ये जायंट पांडाला 'एन्डेंजर्ड' वरून 'व्हल्नरेबल' मध्ये आणलं ती चांगली बातमी होती, शब्दाचा क्रम माहीत नसेल तर वाचणाऱ्याला उलटंच वाटेल.

आणि हल्ली 'बी व्हल्नरेबल' असा सल्ला देतात त्याचा अर्थ दुबळे व्हा असा नाही. मनातलं मोकळेपणाने बोला, दुखावलं जायची शक्यता आहे हे माहीत असून बोला. यात धाडस आहे असंच मानतात.

याच्या जवळचे दोन, 'सस्सेप्टिबल टू' म्हणजे एखादी गोष्ट लवकर बाधते, सर्दी लगेच होते वगैरे, आणि 'प्रोन टू' म्हणजे तसं होण्याची प्रवृत्तीच आहे, 'प्रोन टू ॲक्सिडेंट्स', 'प्रोन टू फर्गेटिंग थिंग्ज'.

स्वभावाची कमजोरी आणि इंटरव्ह्यू

लेचापेचा, धड इकडे नाही धड तिकडे नाही, त्याला 'विशी-वॉशी'. नेभळट, कणा नसलेला, त्याला 'स्पाइनलेस', दोन्हीकडे पाठीचा कणाच आहे बघा. 'विम्प' आणि 'वीकलिंग' हे चिडवायचे शब्द, लिहिण्यात टाळावेत. हतबल म्हणायचं असेल तर 'हेल्पलेस' किंवा 'पॉवरलेस' वापरा. इथे एक सावधगिरी, शक्तिहीन म्हणून डिक्शनरीत 'इम्पोटन्ट' दिलेला असतो, तो पुरुषाबद्दल म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात सगळ्यात आधी लैंगिक अर्थच येतो, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

इंटरव्ह्यूत 'व्हॉट इज युवर ग्रेटेस्ट वीकनेस' विचारतात तेव्हा उत्तरात परत 'माय वीकनेस इज' ने सुरू करायची सक्ती नसते. 'शॉर्टकमिंग' म्हणजे उणीव, 'फ्लॉ' म्हणजे दोष आणि हा जरा जड पडतो, 'ड्रॉबॅक' हा योजनेचा किंवा वस्तूचा तोटा, माणसाला लावत नाहीत. सगळ्यात सोयीचं, 'वन एरिया आय ॲम वर्किंग ऑन इज पब्लिक स्पीकिंग', आणि लगेच पुढे त्यासाठी काय करताय ते खरंखुरं सांगायचं. 'आय वर्क टू हार्ड' छापाची उत्तरं देऊ नका, समोरच्याने ती इतक्या वेळा ऐकलेली असतात की तुमच्या बाकीच्या उत्तरांवरचा विश्वासही उडतो.

क्रियापदं

'वीकन' सगळीकडे चालतं, चक्रीवादळ 'वीकन' होतं, पकड 'वीकन' होते. पण कोणीतरी मुद्दाम आतून पोखरत असेल तर 'अंडरमाइन'. पूर्वी किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खणून तट पाडायचे, शब्द तिथूनच आला. 'ही कीप्स अंडरमाइनिंग हर कॉन्फिडन्स.' हळूहळू झिजत असेल तर 'इरोड', 'ट्रस्ट हॅज इरोडेड'. उत्साह मावळत चालला तर 'वेन', खेळाडू शेवटी शेवटी दमायला लागला तर 'फ्लॅग', बोलता बोलता आवाज अडखळला, धीर डळमळला तर 'फॉल्टर', आकडे घटत गेले तर 'ड्विंडल'. आजाराने खंगत जाणं याला 'वेस्ट अवे', आणि न वापरल्याने स्नायू बारीक होणं 'ॲट्रोफी', प्लॅस्टरमधून पाय बाहेर काढला की दिसतं ते. वजनाने फळी खाली गेली तर 'गिव्ह वे', आणि माणसाचे गुडघेही 'गिव्ह वे' होतात, आपण पायातलं बळ गेलं म्हणतो तेव्हा.

आता स्वतः करून बघा

खालची वाक्यं आधी मनात इंग्रजीत करा, मग पुढे वाचा. 'आजोबा अलीकडे फार थकलेत.' 'त्याने काहीतरी थातूरमातूर कारण सांगितलं.' 'दोन पायऱ्या चढलो की हातपाय गळतात.' 'तिच्या आवाजात किंचितसा राग होता.' 'या शिडीवर चढू नको, खिळखिळी आहे.' 'लोकांचा विश्वास हळूहळू कमी होत गेला.'

पहिल्याला 'ग्रँडफादर हॅज ग्रोन क्वाइट फ्रेल लेटली', इथे 'टायर्ड' म्हटलं तर नुसते आज दमलेत असा अर्थ झाला असता. दुसऱ्याला 'ही गेव्ह सम फ्लिम्झी एक्स्क्यूज'. तिसऱ्यात थोडं थांबा, दम संपतो का पायातली ताकद जाते, दम संपत असेल तर 'आय गेट एक्झॉस्टेड आफ्टर टू स्टेप्स', पाय साथ देत नसतील तर 'माय लेग्ज गो वीक', आणि डॉक्टरसमोर यातलं कुठलं खरं ते आधी नीट आठवून मगच बोला. चौथ्याला 'देअर वॉज अ फेंट नोट ऑफ अँगर इन हर व्हॉइस', पाचव्याला 'डोन्ट क्लाइंब दॅट लॅडर, इट्स रिकेटी'. सहाव्याला 'पब्लिक ट्रस्ट स्लोली इरोडेड', आणि कोणी मुद्दाम तसं केलं असं तुम्हाला म्हणायचं असेल तर त्याचं नाव पुढे घेऊन 'अंडरमाइन्ड'.